गांजाच्या औषधी दुकानात शिक्षा झालेला माणूस कामाला: चालेल का?

शेवगा

आमच्या पेनसिल्व्हेनियात गांजा फक्त औषध म्हणून मिळतो. डॉक्टरांनी आजाराचं सर्टिफिकेट दिलं, राज्याकडून कार्ड आलं, की डिस्पेन्सरीत जायचं. २०१६ साली हा कायदा झाला तेव्हा त्यात एक कलम होतं. अमली पदार्थ बाळगल्याच्या किंवा विकल्याच्या कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला या धंद्यात पाय ठेवायचा नाही. मालक म्हणून नाही, पैसे गुंतवणारा म्हणून नाही, नोकर म्हणून नाही, फुकट राबणारा स्वयंसेवक म्हणूनसुद्धा नाही. कॉलेजात असताना खिशात एक पुडी सापडली आणि आता माणूस आजोबा झालाय, तरी नाही. २०२१ च्या दुरुस्तीत हे सैल केलं. नुसतं बाळगल्याचा गुन्हा आता आड येत नाही. बनवण्या-विकण्याच्या मोठ्या गुन्ह्यांची आडकाठी राहिली आहे, आणि तीही दहा वर्षं उलटल्यावर सुटू शकते.

सासूबाईंना केमोनंतर पायांची आग होते, रात्र रात्र झोप नाही. त्यांचा केअरगिव्हर, म्हणजे त्यांच्या वतीने औषध आणणारा, म्हणून माझं नाव नोंदवलेलं आहे, त्यामुळे दुकानात जातो मीच. (केअरगिव्हर व्हायलाही बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि मागच्या पाच वर्षांत अमली पदार्थाचा गुन्हा असेल तर अर्ज फेटाळतात.) तिथे काउंटरवर एक पन्नाशीचा माणूस आहे. टिंचरची (थेंबांनी घ्यायच्या अर्काची) बाटली हातात देण्याआधी लेबलवरचा बॅच नंबर आणि टीएचसी-सीबीडीचं (गांजातल्या दोन मुख्य द्रव्यांचं, पहिल्याने नशा येते) प्रमाण बोट ठेवून वाचून दाखवतो. कॅप्सूल घेतल्या तेव्हा तीन वेळा बजावलं की असर यायला दीड-दोन तास लागतात, 'काहीच होत नाही' म्हणून दुसरी घेऊ देऊ नका. एकदा गर्दी नव्हती तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "२०२१ पर्यंत मी या दुकानात पेशंट म्हणून येऊ शकत होतो. कामाला येऊ शकत नव्हतो."

हे मी एका मराठी घरी जेवणाच्या पंगतीत सांगितलं आणि निम्मं ताट तसंच राहिलं. यजमान म्हणाले, "मग दुकान बदल ना. औषध कुणाच्या हातून घेतोयस ते बघायला नको?" तिथे वाद अर्धवट राहिला म्हणून इथे मांडतोय. माझं मत: २०२१ ची दुरुस्तीसुद्धा अपुरी आहे. तुमचं?

खादाड_अप्पा

खारे शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

फार्माकाका

शेवगा, सासूबाईंना लवकर आराम पडो.

आता मुद्द्याचं. तुम्हीच 'औषध' म्हणता ना? मग औषधाचे नियम लावा. मी न्यू जर्सीत फार्मसी चालवली. ऑक्सिकोडोनसारख्या सवय लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या कुलपात, किल्ली माझ्या कमरेला, मोजणी ठरलेल्या वेळी. मदतनीस घेताना अमली पदार्थाच्या गुन्ह्याचा अर्ज आला की तो मी बाजूला ठेवत असे, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. फार्मासिस्टला असा गुन्हा शाबीत झाला तर त्याच्या लायसन्सवरच गदा येते. जो नियम शिकलेल्या माणसाला लागू, तो काउंटरवरच्याला का नको?

त्यात हा माल खिशात मावणारा, दाराबाहेर पाऊल टाकताच गिऱ्हाईक तयार. आणि गल्ल्यात रोकड. केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या रांगेत बसवलं, त्यामुळे मोठ्या बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्या या धंद्यापासून लांब राहिल्या. म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात एटीएम असतं. वर संगणकात पेशंटचं नाव, पत्ता, कार्ड. माणसाला दुसरी संधी जरूर द्या, पण ती हार्डवेअरच्या दुकानात द्या. कॅन्सरच्या पेशंटसमोर नको.

चिंगी

काका, आदर ठेवून असहमत. हार्डवेअरच्या दुकानात कुणी देत नाही हो संधी, तेच तर रडगाणं आहे.

मी कॅलिफोर्नियात ओकलंडला असते. इथे २०१७ मध्ये शहराने उलटाच नियम केला. गांजाचे निम्मे परवाने राखून ठेवले ते ओकलंडमध्ये गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसाठी, किंवा ज्या वस्त्यांत पोलिसांनी वर्षानुवर्षं धरपकड केली तिथल्या कमी उत्पन्नाच्या रहिवाशांसाठी. कारण सरळ आहे. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत आणि काळ्यांत जवळजवळ सारखं. पण नुसता बाळगला म्हणून पकडलं जाण्याची शक्यता काळ्या माणसाची ३.६४ पट. हा एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचा २०२० चा अहवाल, देशभराचा आकडा. म्हणजे 'रेकॉर्ड' कुणाचं आहे हे त्याने काय केलं यापेक्षा तो कुठल्या गल्लीत उभा होता यावर ठरलं.

आणि आज गांजा विकतंय कोण? मोठमोठ्या कंपन्या, ज्यांचे शेअर्स कॅनडाच्या बाजारात नोंदवलेले आहेत, कारण अमेरिकेतले मोठे शेअर बाजार त्यांना घेत नाहीत. सूटबूटवाल्याने विकला तर उद्योजक, आणि ज्याने त्याच्या आधी विकला त्याला त्याच दुकानात झाडू मारायलाही बंदी?

आडवा_तिडवा

वा वा. म्हणजे आधी गुन्हा करा, मग परवाना घ्या. न्यूयॉर्कने तर हेच केलं ना? पहिले परवाने शिक्षा झालेल्यांना! आम्ही येडे, इतकी वर्षं रांगेत उभे राहून टॅक्स भरतोय.

बाराखडी

@आडवा_तिडवा, अर्धंच सांगताय. मी न्यूयॉर्कला राहते, हा सगळा तमाशा जवळून पाहिलाय.

२०२२ च्या नोव्हेंबरात राज्याने पहिले ३६ परवाने मंजूर केले: २८ गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना, ८ सेवाभावी संस्थांना. पण नुसता गुन्हा पुरत नव्हता. ३१ मार्च २०२१ च्या आधीची शिक्षा हवी, म्हणजे कायदा झाल्यावर कुणी मुद्दाम पकडून घेऊन उपयोग नव्हता. शिवाय नफ्यात चाललेल्या धंद्यात किमान दोन वर्षं किमान १० टक्के मालकी असल्याचे कागद हवेत. आता बोला, किती 'गुंड' या चाळणीतून जातील?

तरी घोळ झालाच. अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांनी दावा लावला की कायद्यात आमचंही नाव असताना आम्हाला मागे का ठेवलं. २०२३ च्या ऑगस्टात कोर्टाने नवीन दुकानं थांबवली. ज्यांनी गाळे भाड्याने घेऊन ठेवले होते ते भाडं भरत बसले. आणि त्याच काळात गल्लोगल्ली विनापरवाना दुकानं राजरोस उघडली, त्यांना कुणी रेकॉर्ड विचारलं नाही. मला तरी त्यातला हाच भाग सगळ्यात चीड आणणारा वाटतो.

पण हे सगळं मौजेसाठी विकत घेणाऱ्यांच्या दुकानांचं. शेवगाचा प्रश्न औषधी दुकानाचा आहे, आणि मालकीचा नाही, नोकरीचा आहे. दोन्हीची सरमिसळ नको.

वकीलबाई_नागपूर

लांबून वाचतेय. इथे बसून 'क्रिमिनल रेकॉर्ड' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मोक्काचा आरोपी. म्हणून आधी हे सांगा बाप्पा, की तिकडे नेमकं काय केल्यावर रेकॉर्ड होतं? पकडलं, आरोपपत्र आलं, की शिक्षा झाली? आपल्याकडे एफआयआरची नुसती नोंद असली तरी चारित्र्य पडताळणीत पोलीस पाटलापासून सगळे कुजबुजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की उमेदवाराने माहिती लपवली तरी सरसकट काढून टाकू नका, गुन्हा किरकोळ होता का, पदाशी त्याचा संबंध काय, हे मालकाने बघावं. निकाल कागदावर छान आहे. भरती करणारे साहेब तो वाचतात असं माझ्या अनुभवात नाही.

तुलनेसाठी: आपल्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात १ किलोपर्यंत गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', एक वर्षापर्यंत कैद. २० किलोहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षं. भांगेची पानं या व्याख्येत बसतच नाहीत.

शेवगा

@वकीलबाई, फार चांगला प्रश्न. इथे शिक्षा धरतात, पण शिक्षा कशाला म्हणायचं ते बघा.

पेनसिल्व्हेनियात ३० ग्रॅमपर्यंत गांजा जवळ सापडला तर ३० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड, आणि तो फौजदारी गुन्हा. फिलाडेल्फिया शहराने २०१४ च्या ऑक्टोबरात ठरवलं की आमच्या हद्दीत तेवढ्याच मालाला २५ डॉलरची पावती फाडायची, संपलं. शहराची हद्द कुठे संपते? सिटी अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, एका बाजूला शहर, पलीकडे माँटगोमेरी काउंटी. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे पार्किंगच्या दंडाएवढं प्रकरण आणि पलीकडे आयुष्यभराचा कागद. २०१६ चं कलम या दोघांना वेगळं ओळखत होतं: अलीकडचा डिस्पेन्सरीत नोकरी करू शके, पलीकडचा नाही.

आणखी एक. याच राज्याने २०१८ मध्ये 'क्लीन स्लेट' कायदा केला. किरकोळ गुन्ह्यांचे कागद ठरावीक वर्षांनी आपोआप झाकले जातात, अर्जसुद्धा करावा लागत नाही. असं करणारं देशातलं पहिलं राज्य. एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्या हाताने विचारायचं, असा कारभार.

शिकागोची_थंडी

आमच्या इलिनॉयने निदान क्रम तरी बरा ठेवला. १ जानेवारी २०२० ला खुली विक्री सुरू झाली, त्याच्या आदल्या दिवशी गव्हर्नर प्रिट्झकरांनी गांजाच्या किरकोळ गुन्ह्यांच्या ११,०१७ शिक्षा एका सहीत माफ केल्या. रेकॉर्ड असलेल्याला नोकरी द्यावी का हा प्रश्नच मग कमी लोकांच्या बाबतीत उरतो. औषधी दुकानं आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती, मग हे पाच वर्षं आधी का नाही सुचलं, हा प्रश्न वेगळा.

नीलकंठ

आकडे हवे असतील तर दोन अभ्यास वाचण्यासारखे आहेत.

पहिला मिलवॉकीचा. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तरुण मुलांच्या जोड्या बनवून साध्यासुध्या नोकऱ्यांना अर्ज करायला पाठवलं. शिक्षण, अनुभव, बोलणं सगळं सारखं, फरक एवढाच की एकाने अर्जात तुरुंगवास लिहायचा. निकाल २००३ मध्ये छापून आले. रेकॉर्ड नसलेल्या गोऱ्या मुलांना ३४ टक्के ठिकाणांहून परत फोन आला, रेकॉर्ड 'असलेल्या' गोऱ्यांना १७ टक्के. काळ्या मुलांत रेकॉर्ड नसलेल्यांना १४ आणि असलेल्यांना ५. मधले दोन आकडे पुन्हा वाचा. तुरुंगात जाऊन आलेला गोरा हा तुरुंग न पाहिलेल्या काळ्यापेक्षा मालकांना बरा वाटला. आणि तो गुन्हाही कुठला ठरवला होता माहीत आहे? विकण्याच्या हेतूने कोकेन बाळगल्याचा. म्हणजे काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं उत्तर इथे मिळतं.

दुसरा ब्लूमस्टाइन आणि नाकामुरा यांचा, २००९. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांचा पुढे माग काढला. प्रश्न असा, की किती वर्षं हा माणूस सरळ वागला म्हणजे त्याला पुन्हा अटक होण्याची शक्यता त्याच्या वयाच्या चारचौघांएवढी होते? १८ व्या वर्षी घरफोडीत पकडलेल्यांचं उत्तर ३.८ वर्षं, जबरी चोरीचं ७.७. त्यामुळे दहा वर्षांची मुदत ज्यांनी घातली त्यांनी ती बोटांवर मोजायला सोपी म्हणून घातली असावी असं मला वाटतं. अ‍ॅरिझोनाच्या २०१० च्या औषधी गांजा कायद्यातही हाच आकडा आहे, शिक्षा भोगून संपल्यावर दहा वर्षं.

फार्माकाका

नीलकंठ, आकडे वाचले. पण तुमचे आकडे सरासरीचे, आणि माझ्या काउंटरवर सरासरी नाही उभी राहत, माणूस उभा राहतो. चोरी झाली तर लायसन्स कुणाचं जातं?

मोरपंखी

काका, मी न्यू इंग्लंडमध्ये नर्स आहे, म्हणून तुमच्या या प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

आमच्या भागात औषधचोरी म्हटलं की सगळ्यांना न्यू हॅम्पशरची गोष्ट आठवते. हृदयाच्या कॅथ लॅबमधला एक तंत्रज्ञ पेशंटसाठी भरून ठेवलेल्या फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाच्या सिरिंज उचलायचा, स्वतःला टोचायचा आणि सलाइन भरून तीच सिरिंज परत ठेवायचा. त्याला हिपॅटायटिस सी होता. त्या एका हॉस्पिटलात तीसहून जास्त पेशंटना लागण झाली. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. तो आला कुठून? राज्या-राज्यांत फिरून कंत्राटावर काम करणारा होता. आधीच्या हॉस्पिटलांनी संशयावरून, एकदा तर सिरिंजसकट सापडल्यावरही, काढून टाकलं होतं, पण गाजावाजा नको म्हणून प्रकरण तिथेच मिटवलं. पुढच्याने घेतला. तुमच्या चाळणीत तो अडकला नसता, कारण शिक्षा कुठेच झालेली नव्हती.

चोरी पकडते ती मोजणी. उरलेलं औषध फेकताना दुसऱ्या नर्सने समोर उभं राहून सही करायची, ही सही. डिस्पेन्सरीत तर याहून कडक आहे म्हणतात: रोपाला लावलेल्या टॅगपासून विकलेल्या बाटलीपर्यंत प्रत्येक ग्रॅमची नोंद, तिजोरीवर कॅमेरा. तिथे काम करणाऱ्याचा इतिहास विचारा, पण तो पोलिसांच्या कागदापुरता विचारून निर्धास्त झालात तर फसाल. आधीच्या मालकाला फोन करून "याला परत घ्याल का" एवढं विचारलं असतं तर ती तीस माणसं वाचली असती.

खादाड_अप्पा

बाप रे. शेंगदाणा घशात अडकला.

रानभूल

थोडं अवांतर, पण याच धंद्यातलं. मी ओपीटीवर (शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची मुभा) आहे, कोलोरॅडोत. एका डिस्पेन्सरी चेनकडून डेटा अ‍ॅनालिस्टची ऑफर आहे. झाडाला हात लावायचा नाही, फक्त डॅशबोर्ड. पगार चांगला आहे. माझ्या नावावर साधं चलनसुद्धा नाही. घ्यावी का?

बाराखडी

@रानभूल, नको!! आजच्या आज इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल, पण ऑफर लेटरवर सही करू नकोस.

इमिग्रेशन केंद्राच्या कायद्याने चालतं, कोलोरॅडोच्या नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये यूएससीआयएसने (केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने) लेखी धोरण काढलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंधित व्यवहार, आणि त्यात या उद्योगातली नोकरीही आली, नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. म्हणजे ग्रीन कार्ड असलेल्यांनाही धोका. तू तर व्हिसावर आहेस.

चिंगी

यातली गंमत बघा. ज्याच्या नावावर चलनसुद्धा नाही त्या आपल्या पोराला केंद्र सरकार सांगतं की या दुकानात नोकरी केलीस तर तुझं चारित्र्य वाईट. आणि आपण पंगतीत बसून त्याच दुकानातल्या माणसाचं चारित्र्य तपासतोय. 🙂

आडवा_तिडवा

गंमत-बिंमत ठीक आहे. शेवगाभाऊ, एक सरळ विचारतो. तो काउंटरवाला उद्या ड्रग विकताना पकडला गेला तर तुमच्या घरचा पत्ता त्याच्याकडे आहे. सासूबाई एकट्या असतात ना दिवसा? दुसऱ्याच्या म्हातारीवर समाजसुधारणा करणं सोपं असतं.

शेवगा

दुसऱ्याची नाही, माझ्याच घरातली आहे. आणि पत्ता पिझ्झावाल्याकडेही आहे.

संपादक

घरच्या माणसांवर येऊ नका. आडवा_तिडवा, हा दुसरा इशारा. विषयावर लिहा.

माणदेशी

आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर हाय, ठाऊक असंल. औंध संस्थानानं १९३९ साली काढलेली कैद्यांची खुली वसाहत. खुनाच्या शिक्षेतली माणसं, ना गज ना भिंत, बायकापोरांसकट ऱ्हायची, शेती करायची. आजूबाजूच्या गावांनी बी ते स्वीकारलं. मात्र एक ध्यानात घ्या, तिथं कोणाला पाठवायचं हे निवडून पाठवत, सरसकट न्हाई. आंधळा भरवसा बी न्हाई आन सरसकट बंदी बी न्हाई. गांजाच्या दुकानातलं मला काय कळत न्हाई, पण पेशंटशी बोलताना ज्यानं स्वतः सोसलंय तो माणूस जरा दमानं बोलतो, एवढं ठाव हाय.

फोंडेकर

आमच्याकडे आलं तर काय होणार सांगू? २०२० च्या डिसेंबरात गोव्यात औषधासाठी गांजा लावायचा प्रस्ताव कायदा खात्याने पुढे सरकवला होता. एवढा आरडाओरडा झाला की मुख्यमंत्र्यांनी हात वर केले. तेव्हा विरोधक आणि समर्थक दोघेही पर्यटनावर भांडत होते. नोकरी कुणाला, परवाना कुणाला, यावर एक अवाक्षर नाही. उद्या आलाच तर बाबा, परवाना घेणार मुंबई-दिल्लीची कंपनी, आणि किनाऱ्यावरचा जो पोरगा पाच ग्रॅमसाठी कोलवाळच्या तुरुंगात जाऊन आलाय, त्याला वॉचमन म्हणूनही घेणार नाहीत.

वकीलबाई_नागपूर

@फोंडेकर, अगदी. एनडीपीएसमध्ये राज्य सरकारला औषधी आणि वैज्ञानिक कामासाठी परवानगी देण्याची सोय आहेच, उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या (नशा न आणणाऱ्या, धाग्यासाठीच्या गांजाच्या जातीच्या) लागवडीला परवाना दिलाही. पण परवाना मागायला येतो कोण? २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरकडे गांजा लावायची परवानगी मागितली, कारण काय तर दुसऱ्या कुठल्याच पिकाला भाव नाही. बातमी झाली, लोक हसले, पोलिसांनी त्याला प्रसिद्धीसाठीचा स्टंट म्हटलं. धुळ्याकडे शिरपूरच्या पट्ट्यात कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा दर हंगामात उपटतात. ती शेतं कसणाऱ्यांना पीक कसं वाढतं हे कुठल्याही कंपनीपेक्षा जास्त कळतं. कायदा बदललाच तर त्यातल्या शिक्षा झालेल्यांचं काय, हे कलम आधी लिहून घ्या असं मी म्हणेन. नंतर दुरुस्ती करून घालायला पाच वर्षं जातात, शेवगांच्या राज्यात गेली तशी.

शेवगा

बऱ्याच जणांनी लिहिलं, आभार. मोरपंखी यांच्या प्रतिसादानंतर माझं मत जास्त टोकदार झालंय. काकांच्या दोन भीती खऱ्या आहेत: चोरी आणि पेशंटची माहिती. पण त्या दोन्हींना 'गांजा बाळगल्याची शिक्षा' हे उत्तर नाही. या कायद्याने नेमका तो गुन्हा निवडला जो दुकानात रोज, पावती देऊन, घडतोय. विकल्याच्या गुन्ह्याचंही मी तेच म्हणेन, हिंसा नसेल आणि लहान मुलांना विकलं नसेल तर. कॅलिफोर्नियात जवळपास असंच आहे: अमली पदार्थाची जुनी शिक्षा एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, पण मुलांना विकलं असेल किंवा मुलांना त्या कामाला लावलं असेल तर ती सूट नाही.

डोसचा सल्ला तर काउंटरवाला ठरवतच नाही. आमच्याकडे दुकान उघडं असताना फार्मासिस्ट किंवा डॉक्टर उपलब्ध असावा लागतो, पहिल्या भेटीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी त्यांनीच तपासली. काउंटरवाला करतो ते आठवण करून देण्याचं काम, आणि ते तो फार्मासिस्टपेक्षा चांगलं करतो. (काका, रागावू नका.)

फार्माकाका

रागावत नाही. मी फार्मासिस्ट होतो, मला माहीत आहे आम्ही किती घाईत बोलतो ते.

पण मी माझी यादी देतो, मग ठरवा. चोरी, अफरातफर, खोटी प्रिस्क्रिप्शनं, कुणाच्या ओळखपत्राचा गैरवापर, म्हाताऱ्या माणसांना फसवणं: यापैकी काही असेल तर पेशंटच्या दुकानात नको, गांजाच्या असो की क्रोसिनच्या. मारहाण असेल तर बघून ठरवा. नुसता गांजा बाळगल्याचं मी सोडून देतो, त्यावर माझा हट्ट नाही. विकल्याचं मात्र मी तुमच्याइतक्या सहज सोडणार नाही. विकणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखता येतं, आणि मला तीच ओळख दुकानात नको आहे.

चिंगी

काका, तीच ओळख त्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांना शिकवायला लाखो डॉलर खर्च होतात. 😀

पण तुमची यादी मला सरसकट बंदीपेक्षा कितीतरी बरी वाटते. फक्त एक अडचण आहे. 'खोटी प्रिस्क्रिप्शनं' यात बऱ्याचदा कोण असतं? पाठीच्या ऑपरेशननंतर गोळ्यांची सवय लागलेली माणसं. डॉक्टरांनी एक दिवस लिहून देणं बंद केलं आणि यांनी प्रिस्क्रिप्शनचं पॅड चोरलं. समजा अशी एक बाई आता उपचार घेऊन सुटली आहे, कित्येक वर्षं गोळीला हात लावलेला नाही, वेदना म्हणजे काय हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती अर्ज घेऊन आली, तर?

मोरपंखी

नर्सिंगमध्ये यासाठी सोय आहे. व्यसनातून बाहेर आलेली नर्स देखरेखीखाली परत येते, ठरावीक काळ लघवीची तपासणी, औषधांच्या कपाटाची किल्ली नाही, बाकी काम सगळं. हे डिस्पेन्सरीत का जमू नये?

फार्माकाका

जमेल. तिला पेशंटशी बोलायला बसवा, तिजोरीची किल्ली देऊ नका. आणि माल आत घेताना मोजायला दोघं ठेवा, ती असो वा नसो. किल्लीचं मला वर्षभराने परत विचारा.